फातोर्ड्याच्या मैदानावर आफ्रिकेच्या लेकी

पेडणे स्थानकावर आगगाडीत बसले म्हणजे मडगावापर्यंत शापोरा, मांडवी व जुवारी अशा तीन नद्या ओलांडाव्या लागतात. डिचोली शहरची मंडळी बहुधा थिवीस येऊन गाडी धरतात. शापोऱ्याच्या दक्षिण तीरावर शिवोली हे गाव आहे. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी गोव्यात फुटबॉल प्रथम आणला तो येथेच, असे सांगतात.

मडगावाजवळ फातोर्ड्यास पंडित जवाहरलाल नेहरू क्रीडांगण आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेचे काही सामने तेथे झाले. आफ्रिकेतून नायजेरिया, टांझानिया व मोरोक्को हे संघ भारतात आले होते. हे तिन्ही संघ या मैदानावर खेळले.

टांझानियाच्या मुली या स्पर्धेत प्रथमच उतरल्या होत्या. १२ तारखेस जपानने त्यांच्यावर चार गोल चढविले. त्यांना एकही करता आला नाही. परंतु तीनच दिवसांनी, त्याच मैदानावर, त्यांनी फ्रान्सला २-१ असे हरविले आणि पुढे उपांत्यपूर्व फेरी गाठली. नायजेरियाच्या मुली २६ तारखेस येथे कोलंबियाकडून पेनल्टीत ६-५ ने हरल्या. तरी खचून न जाता नवी मुंबईस जर्मनीला पेनल्टीतच नमवून त्यांनी तिसरे स्थान मिळविले.

आपल्या देशाच्या मुली मात्र भुवनेश्वरास तिन्ही सामने हरल्या. मोरोक्कोही नवखाच होता. त्यानेही आपल्यावर तीन गोल केले. असे का व्हावे? नायजेरियाच्या थोरल्या महिला १९९१ पासून २०२३ पर्यंतच्या प्रत्येक विश्वचषकात खेळल्या आहेत. धाकट्यांपुढे वाट मळलेली होती. आपल्या मुलींसाठी ती वाट अजून पाडावयाची आहे, आणि तिचा आरंभ आपल्या उंबरठ्यापासून होतो, असे आम्हांस वाटते.

वाचकहो, भाताची कापणी झाली की आपल्या गावच्या रिकाम्या शेतांत मुलगे फुटबॉल खेळतात. मुलगी त्या वेळी पाणी भरते, भांडी घासते. फार तर बांधावर उभी राहून बाहेर गेलेला चेंडू परत देते. एखाद्या सायंकाळी घागर भावाच्या हाती द्यावी, आणि बांधावरच्या त्या मुलीस शेतात उतरावयास सांगावे.