काड्या आहेत, बोलणं नाही

गुहागर तालुक्यातल्या त्या घरातून पहिल्या दिवशी मी अगदी खुशीत परतलो होतो. ओटीवर एक, मागच्या पडवीत एक आणि खळ्यापलीकडे, गोठा पाडून बांधलेल्या पाहुण्यांच्या खोल्यांवर एक, असे तीन अ‍ॅक्सेस पॉइंट लावले होते. तिघांचा जोर सेटिंगमध्ये जाईल तेवढा वर नेला. फोन हातात धरून घरभर फिरलो. न्हाणीघरातसुद्धा काड्या उभ्या. पैसे घेतले, कोकम सरबत प्यायलो आणि निघालो.

आठव्या दिवशी काकूंचा फोन आला. "अरे, ओटीवरून नातवाशी बोलत बोलत चुलीपाशी गेले की तो थिजतो. तोंड उघडं ठेवून! काड्या तर दिसतायत."

काड्या आहेत आणि बोलणं नाही, या तक्रारीनेच मला हे काम खऱ्या अर्थाने शिकवलं.

देवळाच्या कर्ण्यावरून आरतीची वेळ पुकारली की वाडीभर ऐकू येते. पण परसातून तुम्ही "आलो हो" म्हणालात, तर ते कर्ण्यापर्यंत पोचतं का? वायफायचंही तसंच. फोनच्या काड्या फक्त एवढंच सांगतात की समोरच्या यंत्राचा आवाज फोनला किती ऐकू येतोय. फोनचं बोलणं त्या यंत्राला किती ऐकू जातंय, ते काड्यांत दिसत नाही. भिंतीवरचं यंत्र विजेवर चालतं, फोन बॅटरीवर. त्याचा आवाज मुळात बारीक.

दुसऱ्या फेरीत मी लॅपटॉप उघडून चुलीपाशी बसलो. काकूंच्या फोनला ओटीवरचं यंत्र उणे ६६ने ऐकू येत होतं, त्या यंत्राला मात्र फोन उणे ७८ने. हे डेसिबलचे आकडे; तीन उतरले की ताकद निम्मी होते. बाराचा फरक म्हणजे सोळापट. आणि दोन हातांवर पडवीतलं यंत्र रिकामं बसलेलं! फोन त्याच्याकडे वळेना, कारण कोणत्या यंत्राला धरायचं आणि कधी सोडायचं हे फोन ठरवतो. नवी यंत्रं त्याला शेजाऱ्यांची यादी देतात, "तिकडे जा" असं सुचवतात, पण शेवटचा शब्द फोनचाच. बरेच फोन साधारण उणे ७०च्या खाली घसरल्याशिवाय दुसरीकडे बघतही नाहीत. ओटीवरचं यंत्र इतकं ओरडत होतं की फोनला ते सोडायचं कारणच दिसत नव्हतं. त्या यंत्राला ओरडायला मीच लावलं होतं.

मग उलटं काम सुरू केलं. ओटीवरच्या यंत्राचा जोर आधी २० डीबीएमवर आणला, म्हणजे १०० मिलिवॉट. मग १७, म्हणजे ५०. मग १४, म्हणजे २५. दर वेळी काकूंना ओटीवरून चुलीपर्यंत चालवलं. त्याही हौसेने चालल्या. एकदा उगाच नारळ घेऊन, एकदा पाणी पाहायला. फोनने हात सोडण्याची जागा प्रत्येक फेरीला थोडी थोडी ओटीकडे सरकत गेली आणि १४वर नेमकी माजघराच्या उंबरठ्यावर आली. मला ती तिथेच हवी होती. सांधा कुठेतरी येणारच. तो माणूस बसतो तिथे येऊ नये, चालता चालता ओलांडतो तिथे यावा.

चिऱ्याच्या भिंतीला मी पहिल्या दिवशी शिव्या घातल्या होत्या. सव्वा-दीड फुटांची जाडी, त्यात जांभा पावसाळ्यात ओल धरतो आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साडेबारा सेंटिमीटरची. ती धडपडत का होईना, पलीकडे जाते. ५ गिगाहर्ट्‌झची त्याच्या निम्म्याहून लहान. एका भिंतीतच दमते. आता तीच भिंत मला सोयीची वाटायला लागली. एका खोलीतली कुजबुज दुसऱ्या खोलीत जात नाही, हे चांगलंच की. २.४मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. तीन यंत्रांना तीन वाटून दिले. नाव आणि पासवर्ड तिन्हीकडे एकच, म्हणजे फोनला सगळं एकच घर वाटतं. पत्ते वाटायचं काम मात्र एकाच राउटरकडे. उमेदवारीच्या काळात एका फ्लॅटमध्ये दुसऱ्या राउटरचं हे वाटप बंद करायला विसरलो होतो. निम्म्या फोनना एकाने पत्ता दिला, निम्म्यांना दुसऱ्याने, आणि प्रिंटर कुणालाच सापडेना. दोन दिवस गेले.

लोकांना वाटतं, बिनतारी म्हणजे तार नको. माझा निम्मा दिवस तारेतच जातो. मधे रिपीटर ठेवला तर तो एकाच तोंडाने ऐकतो आणि त्याच तोंडाने पुढे सांगतो. वेग निम्म्यावर येतो. म्हणून प्रत्येक यंत्रापर्यंत केबल न्यायचीच. तीही अस्सल तांब्याची. बाजारात स्वस्त मिळते ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. खात्री नसली की मी टोक चाकूने खरवडतो. आत पांढरं दिसलं की गुंडाळी परत. मग क्रिम्पिंग: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. आठ तारा अंगठ्याखाली सरळ करून, एका रेषेत कापून कनेक्टरमध्ये सरकवायच्या. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले की जीव भांड्यात पडतो.

खळ्यापलीकडे मात्र तांबं नेलं नाही. कोकणात मेमध्ये वळीव येतो तो विजा घेऊन. दोन इमारतींमधल्या तांब्यातून एक झटका आला की दोन्हीकडची यंत्रं एकदमच जातात. म्हणून तिथे जमिनीखालून पाइपात फायबर. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही.

संध्याकाळी काकूंनी नातवाला फोन लावला आणि बोलत बोलत चुलीपाशी गेल्या. उंबरठ्यावर चित्र पापणी लवेल इतकंच अडखळलं. नातू बोलतच राहिला. त्यांची नजर मात्र कोपऱ्यातल्या काड्यांवर.

"उंबरठ्याशी दोनच काड्या झाल्या होत्या की रे. काय केलंस तू?"

"जोर कमी केला, काकू."

"म्हणजे त्या दिवशी वाढवायचे पैसे घेतलेस, आता कमी करायचेही घेणार?"

मी फक्त सरबत घेतलं.