गडग्याच्या खिंडीपाशी

ती. स्व. अप्पाकाकांस,


तुमचा फोन झाल्यापासून जिवाला घोर लागला आहे. हापूस तयार होत आला की रात्री कोणीतरी बागेत शिरतं आणि तुम्ही एकटेच काठी घेऊन मांगराबाहेर पडता! 12 वर्षं मी लोकांच्या दारांवर कॅमेरे बसवतोय आणि आपल्याच बागेकडे पाहायचं राहून गेलं, याचं फार वाईट वाटतं.

मांगरावरच्या कॅमेऱ्यात नुसता पांढरा सदरा दिसतो, चेहरा नाही, असं म्हणालात. तो कॅमेरा बिघडलेला नाही, त्याला फार मोठी जागा दिली आहे. त्याचं चित्र 1920 ठिपके रुंद. 30 मीटर बागेवर ते वाटले की मीटरला 64 येतात. माणूस फिरतोय एवढं त्यात कळतं. अनोळखी चेहऱ्याची ओळख पटायला मीटरला 250 ठिपके लागतात, म्हणजे चित्रात साडेसात मीटरच्या वर जागा घेऊन चालत नाही. तेव्हा अख्खी बाग राखायचा हट्ट सोडू आणि चोर येतो ती वाट राखू.

ती वाट तुम्हीच शोधू शकता. गडग्याचे चिरे कुठे ढासळलेत, पाला कुठे तुडवलाय, ते दिवसाउजेडी पाहून ठेवा. तिथे वीज नाही, म्हणून झाडाला बांधायचा बॅटरीवरचा कॅमेरा आणतो, वाघ मोजायला जंगलात लावतात तसला. अंगाची ऊब हलली की तो जागा होतो. माणूस थेट समोरून आला तर त्याला उशिरा कळतं, म्हणून वाटेला तिरका बांधू. त्याचा अवरक्त उजेड 940 नॅनोमीटरचा घेऊ. 850 चा लांब पोचतो, पण अंधारात त्याचे दिवे लालसर दिसतात आणि माणूस सावध होतो. गडग्याच्या खिंडीपाशी चार-पाच मीटरच पाहायचे आहेत, तेवढ्याला 940 चा पुरतो.

बेड्यापाशी वीज आहे. तिथे 6 मिलिमीटर भिंगाचा, पावसाला टिकणारा आयपी 66 कॅमेरा लावू, आठ फुटांच्या आतल्या उंचीवर. त्याहून उंच गेला तर टोपीच दिसते. कोळ्याचं जाळं मात्र दर आठवड्याला पुसत जा. रात्री ते उजेडात पांढरं होतं आणि मागचं काही दिसत नाही. शेजाऱ्यांचं खळं चित्रात येणार नाही, हे मी स्वतः पाहीन. त्यांच्या घरात डोकावायचा आपल्याला हक्क नाही.

दोन्ही कॅमेऱ्यांचं घड्याळ बरोबर लावू. काही सापडलं तर कार्डातलं काही पुसू नका, कापू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते पोलिसांना विचारून करू.

चेहरा ओळखीचा निघाला तरी त्याच्या दारात जाऊ नका. मी शनिवारी पहाटे पोचतो. तोवर कुत्रं कितीही भुंकलं तरी कडी काढायची नाही, एवढं माझं ऐका. आंब्यांचं काय व्हायचं ते होऊ दे, तुम्हाला काही होता कामा नये.

तुमचा,
बाळा