फक्त एक परिच्छेद खोटा!

सुरुवात कशाने होते सांगू? गोअरिंगच्या नखांनी! हो, नखांनी! हिटलरच्या खालोखालचा तो गोअरिंग पकडला जातो, न्यूरेंबर्गच्या खटल्याआधी डॉक्टर त्याला तपासतात, तर हातापायांची नखं लालभडक! कशाने? नशेच्या गोळ्यांनी, रोज शंभराच्या वर! मला वाटलं होतं विज्ञानाचं पुस्तक आहे, दोन पानांत जांभया येतील आणि छान झोप लागेल. कसली झोप घेऊन बसलात!

पुस्तकाचं नाव 'व्हेन वी सीज टू अंडरस्टँड द वर्ल्ड'. लेखक बेन्हामिन लाबातुत, चिलीचा. मूळ स्पॅनिश २०२०चं, मी वाचलं ते एड्रियन नेथन वेस्टचं इंग्रजी. २०२१ साली ते आंतरराष्ट्रीय बुकरच्या अंतिम यादीत होतं, म्हणजे सगळ्या जगाला माहीत आणि मी आत्ता नाचतेय! नाचू द्या. एक आधीच सांगून ठेवते, मला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही. तेव्हा खाली जे काही येईल ते एका भारावलेल्या बाईचं बोलणं समजा आणि माझ्याबरोबर चला.

पहिलं प्रकरण 'प्रशियन ब्लू'. एक रंग! नुसता रंग! बर्लिनमध्ये १७०६च्या सुमारास डीसबाख नावाचा एक रंग बनवणारा किरमिजी किड्यांपासून लाल रंग करायला बसतो आणि त्याने आणलेली पोटॅश निघते खराब, जनावरांच्या रक्तात बाटलेली, आणि मग भांड्यात लाल नाहीच, निळं! असलं निळं की चित्रकार वेडे होतात आणि मग तो रंग जहाजातून जपानला पोचतो आणि होकुसाईच्या त्या अक्राळविक्राळ लाटेत जाऊन बसतो, आणि ती पोटॅश ज्याची होती तो डिप्पेल जन्मला कुठे, तर फ्रँकेन्स्टाइन नावाच्या किल्ल्यात, शप्पथ! आणि मग १७८२ साली शील नावाचा स्वीडनमधला माणूस त्याच निळ्यात आम्ल घालतो आणि निघतं काय? सायनाइडचं विष! चित्रातल्या आभाळातून विष! आणि मग १९४६ साली तेच विष गोअरिंग दाताखाली फोडतो, फाशीला काही तास उरलेले असताना! नखांवरून निघालो होतो, आठवतंय ना? मी पुस्तक मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं.

आणि मग येतो फ्रिट्झ हाबर. हवेतला नायट्रोजन पकडून खत करण्याची वाट काढणारा. आपल्याकडे बांधावर पडलेलं युरियाचं पोतं असतं ना, त्याची सुरुवात या माणसापासून! कोट्यवधी तोंडांना अन्न! आणि याच माणसाने २२ एप्रिल १९१५ला बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन वायू सोडायला लावला. दीडेक आठवड्यात त्याच्या बायकोने, क्लारा इमरवारने, आयुष्य संपवलं. ती स्वतः रसायनशास्त्रातली डॉक्टरेट होती, १९०० सालची! पुढे याच्याच संस्थेत कीटकनाशक म्हणून सायनाइडचंच जे बनलं, त्याचाच पुढचा अवतार नाझींनी छावण्यांमध्ये वापरला. हाबर ज्यू कुटुंबात जन्मलेला. त्याचे नातेवाईकही त्या छावण्यांत गेले. आणि मायदानेकच्या छावणीच्या भिंतींवर आजही निळे डाग आहेत. निळे! तोच रंग!

इथे उद्गारचिन्हही द्यावंसं वाटत नाही, पण हात थांबत नाही.

आता खरी गंमत. मागच्या पानावर लाबातुत शांतपणे सांगून टाकतो की पुस्तक जसं पुढे जातं तसं त्यातलं कल्पित वाढत जातं, आणि या पहिल्या प्रकरणात कल्पित परिच्छेद फक्त एक आहे. एक! कुठला? ते सांगत नाही! आणि मग मी पेन्सिल घेऊन परत पहिल्या पानावर! नखं खोटी असतील? नाही, ती खरी. किल्ला? तोही खरा! मी एकेक नाव शोधत बसले आणि जे जे अशक्य वाटलं ते ते खरं निघालं. माझी पैज शेवटच्या पत्रावर आहे. हाबर मेलेल्या बायकोला लिहितो आणि त्याला अपराधी वाटतं ते वायूमुळे नाहीच, तर खतामुळे झाडंझुडपं माजून पृथ्वी गिळतील या भीतीने. इतकं सुंदर काही खरं असतं का? पण मग वाटतं, इतकं उघड्यावर कोण लपवेल? तुम्ही वाचा आणि सांगा!

आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर मी वाढले. शेजघरातले संवाद पानपानभर, डोळ्यांत पाणी, मागे संदर्भग्रंथांची यादी! पण कुठलं वाक्य कागदातलं आणि कुठलं लेखकाच्या मनातलं, हे सहसा कोण सांगतं? नंदा खरेंनी 'अंताजीची बखर'मध्ये खऱ्या अठराव्या शतकात एक बनेल माणूस सोडून हा खेळ उघड मांडला होता, म्हणून ती मला इतकी आवडते.

दुसऱ्या प्रकरणात श्वार्झशिल्ड. १९१५चा डिसेंबर, रशियाची आघाडी, तोफा, आणि हा आइनस्टाइनची समीकरणं सोडवून त्याला पत्र पाठवतो! त्या उत्तरात पुढे कृष्णविवर सापडलं. आणि मला एकदम नारळीकर आठवले! १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवताना त्यांनी नाव घेतलं नारायण विनायक जगताप. आपलीच आद्याक्षरं उलटी! ना. वि. ज.! आपल्याकडेही कृष्णविवर गोष्टीतून आलंय, बघा!

पुढे मात्र थोडी कुरकुर. हायझेनबर्ग परागज्वराने वैतागून हेल्गोलँडच्या बेटावर जातो तिथवर झकास. पण प्रत्येक शास्त्रज्ञाला ताप, भ्रम, वेड! आणि श्रोडिंगरच्या भागातली ती आजारी मुलगी तर जणू त्याला समीकरण सुचावं म्हणूनच खोकते. क्लारासारखी बाई पहिल्या प्रकरणात असताना हे मला पटलं नाही. तरी वाचत सुटले, ते वेगळं!

आणि मग मी लगेच 'द मॅनियॅक' आणलं, २०२३चं, हे त्याने थेट इंग्रजीत लिहिलंय. फॉन नॉयमन, अणुबॉम्ब, सुरुवातीचे संगणक. मी शेवटचा भाग आधी वाचला, आहे मला ती खोड! २०१६, सोल शहर, समोरासमोर 'गो' खेळणारा ली सेडॉल आणि यंत्र. मला 'गो'चा एक नियम माहीत नाही! तरी चौथ्या डावात त्याची अठ्ठ्याहत्तरावी खेळी आली आणि मी अक्षरशः उभी राहिले, कारण त्या खेळीने... नाही, नाही सांगत! आधी ते निळं प्रकरण संपवा, मग फोन करा. कितीही वाजता!