पाठ टेकली म्हणजे हरला, असं नव्हे

'तुमच्या त्या सरमिसळ कुस्तीवर लिहा, पण वस्ताद, सोपं लिहा,' असं संपादकांनी बजावलंय. लिहितो. सोपं होईलच, असा शब्द देत नाही. सरमिसळ म्हणजे मातीतली कुस्ती, जिउजित्सू आणि जुडो यांचा मेळ.

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालमीतला एक पोरगा पुण्यात ग्रॅपलिंगच्या, म्हणजे समोरच्याला हार कबूल करायला लावायच्या स्पर्धेत उतरला. आमच्या सोमेश्वरनगरहून त्याच्यासोबत चार माणसंही गेली होती. त्यानं दोन्ही पाय धरून दुहेरी पट काढला, समोरच्याला उचलून पाठीवर आपटला आणि छातीनं दाबून धरला. आमच्या मंडळींनी शिट्ट्या मारल्या, एकानं फेटाही उडवला. पुढच्या काही सेकंदांत आमच्याच पोरानं तीन थापा मारून हार कबूल केली. तेव्हापासून चहाच्या टपरीवर एकच प्रश्न असतो : वस्ताद, खालचा जिंकला कसा? पंचाला पैसे चारले होते का?

पंच चोख होता. खालच्यानं जे लावलं त्याला जिउजित्सूत त्रिकोण म्हणतात. वरच्याचा एक हात पायांच्या विळख्याच्या आत आणि दुसरा बाहेर राहिला पाहिजे, हे त्यातलं गमक. आत राहिलेल्या हाताचा खांदा त्याच्याच मानेची एक बाजू दाबतो आणि खालच्याची मांडी दुसरी. श्वास कोंडत नाही, मेंदूकडे जाणारं रक्त अडतं. म्हणून ताकदीचा गडीही पाच-दहा सेकंदांत डोळे फिरवतो. आमच्या पोरानं काय केलं? लहानपणापासून शिकला तेच. समोरच्याचे दोन्ही खांदे टेकवायला छाती खाली घातली आणि एक हात त्याच्या मांड्यांच्या मधे सोडला. मातीत हाच डाव चितपटीचा. ग्रॅपलिंगमध्ये मात्र त्यानं आपली मान स्वतःच्या हातानं देऊ केली.

उलट बाजूही सांगतो. पाठ टेकू नये म्हणून पहिलवान झटकन पोटावर वळतो. कुस्तीत हा बचाव झाला. जिउजित्सूत पाठीवर बसलेला गडी मागून गळ्याभोवती हात घालतो, की खेळ खलास. दोन्ही विद्या एकत्र करायच्या म्हटल्यावर अडचण डावांची नसते, पाठीची असते. वीस वर्षं जपलेली पाठ एका वर्षात विसरा, असं पोराला सांगायचं, आणि परत जत्रेच्या फडात उतरताना ती आठव म्हणायचं. हे जमवणं फार अवघड आहे. मला शंभर टक्के जमलंय असं मी म्हणणार नाही.

'हे परदेशी फॅड आपल्या मातीत कशाला?' असं विचारणाऱ्यांचा मला वैताग येतो. आपल्याच परंपरेत कुस्तीचे चार प्रकार सांगितलेत : भीमसेनी ताकदीची, हनुमंती डावपेचांची, जांबुवंती जखडून हार कबूल करायला लावणारी आणि जरासंधी हातपाय मोडणारी. त्रिकोण जांबुवंतीत बसतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वरानं 'मानसोल्लासा'त मल्लविनोदावर प्रकरणच लिहिलं. आमच्या सोमेश्वरनगराशी त्याचा संबंध नाही, पण पोरांना सांगताना मी नाव जरा जोरात घेतो.

आता जुडो. इथं माझं डोकं फिरतं, तेव्हा दोन परिच्छेद सहन करा.

जुडोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही जुडोची शाळा काढली. त्याआधी शिकाऊ असताना एका आडदांड जोडीदाराला हरवायला त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक चाळलं आणि त्यातून एक डाव उचलला : समोरच्याच्या मांडीत हात घालून त्याला खांद्यावर आडवा घ्यायचा आणि पलीकडे टाकायचा. जुडोत तो कटा गुरुमा. आपल्याकडे तोच कलाजंग. आमच्या भागात मिसरूड न फुटलेलं पोरगंही कलाजंग मारतं.

आणि आंतरराष्ट्रीय जुडो महासंघानं 2010 मध्ये पायाला थेट हात घालण्यावर बंधन आणलं, 2013 मध्ये तर पायाला हात लावणंच बंद केलं. कारण काय, तर जुडो कुस्तीसारखा दिसू लागला, वाकून खेळतात, देखणी फेक उरली नाही. म्हणजे संस्थापकानं कुस्तीतून आणलेला डाव त्याच्या मूळ रूपात त्याच्याच खेळात बाद! पट नाही, कलाजंग नाही, मग आमच्या पहिलवानानं जुडोत जाऊन करायचं काय? उभ्या लढतीला शिस्त आली, हे मान्य. पण कवचाचं रक्षण करता करता आतला जीव गेला, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

तरी जुडो मी सोडत नाही, दोन कारणांनी. एक, पडायला जुडोच शिकवतो. मऊ लाल मातीत वाढलेलं पोरगं मॅटवर हात टेकून पडतं आणि मनगट घालवतं. दुसरं, फेकीचा नेमकेपणा. कुस्तीतली बाहेरची टांग आणि जुडोतली हराई गोशी यांत फरक थोडाच, पण समोरच्याचा तोल आधी मोडायचा आणि मगच पाय घालायचा, हे जुडोवाले जास्त नीट समजावतात. बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव जुडोतून कुराश या कुस्तीप्रकारात गेल्या आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 52 किलो गटात कांस्यपदक घेऊन आल्या. त्या खेळात जमिनीवर झुंज नसतेच, सगळं उभ्यानं. पाया पक्का असला की नियम बदलले तरी माणूस उभा राहतो. खाशाबा जाधवांनी तेच केलं : 1948 ला लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅटवर सहावे, 1952 ला हेलसिंकीत कांस्य. तीही एका अर्थानं सरमिसळच होती.

थाप मारायची लाज ही आमची सर्वांत मोठी डोकेदुखी. डिसेंबर 1976 मध्ये कराचीत गामा पहिलवानांचे पुतणे अक्रम जपानच्या अंतोनियो इनोकीशी लढले. इनोकीनं हात पिळून कुलूप लावलं. अक्रम यांनी हार मानली नाही, हात मात्र गेला. आजही ही गोष्ट शौर्य म्हणून सांगतात. सांगोत बापडे. ग्रॅपलिंगमध्ये थाप हा नियमाचा भाग आहे, सराव दुसऱ्या दिवशीही करता यावा म्हणून.

आता पालकांना दोन शब्द. बारामती-इंदापुरात ठिकठिकाणी मॅट आल्या आहेत, मोबाइलवर डावही दिसतात. पोरांना आधी मातीत किंवा मॅटवर कुस्ती शिकू द्या, मग पडायला, मग फेकी. गळ्याचे आणि सांध्यांचे डाव सगळ्यांत शेवटी, तेही वस्ताद समोर उभा असताना. मोबाइल बघून घराच्या गच्चीवर एकमेकांचे गळे दाबू देऊ नका.