सातव्या मजल्यावरचं ऊन

आमच्या वसाहतीत ऊन गच्चीवर येतं आणि तिथूनच परत जातं. मुंबईत रुळांकडेच्या झोपड्या हलवून मानखुर्दला ज्या पुनर्वसन इमारती बांधल्या, त्यांतलीच एक आमची. खोली 225 चौरस फुटांची. समोरच्या इमारतीतली बाई खिडकीशी कपडे वाळत घालत असली की तिच्याशी आवाज न चढवता गप्पा मारता येतात, इतकी जवळ. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर भर दुपारी ट्यूब लावून तांदूळ निवडतात. रुळांकडे राहत होतो तेव्हा घराचा भरवसा नव्हता, पण मोरीच्या पाण्यावर आईचं अळू होतं आणि पत्र्यावर मायाळूचा वेल चढलेला होता. पक्कं घर मिळाल्याचा आनंद आम्हाला खरोखरच झाला. अळू मात्र गेलं, आणि नुकसानीच्या कुठल्याच यादीत त्याची नोंद झाली नाही.

मी इथे मुलांसाठी अभ्यासिका चालवते. गच्चीवरच्या भाजीची गोष्ट तिथेच सुरू झाली. बारावीतली एक मुलगी गरोदर वहिनीला घेऊन अंगणवाडीत गेली होती. परत आली ती चिडूनच. "ताई, पालेभाज्या खा म्हणतात. आणायच्या कुठून ते कुणी सांगतं का?"

मग मुलांनीच शोध घ्यायचं ठरवलं. आमच्याकडच्या बऱ्याच बायका चेंबूरला घरकामाला जातात, परत येईपर्यंत दिवेलागण झालेली असते. त्या वेळी नाक्यावर काय मिळतं, हे मुलांनी रोज जाऊन पाहिलं. जुडी विकत आणायची, निवडायची आणि उरलेली पानं वाण्याच्या काट्यावर तोलायची. निम्म्याहून अधिक पाला पिवळा किंवा चिखलात सडलेला निघायचा, म्हणजे दहाची जुडी प्रत्यक्षात वीस-पंचवीसची पडत होती. हार्बर लाइनवर मानखुर्दच्या पुढचं स्टेशन वाशी, मधे फक्त खाडी. नाशिक-पुण्याकडची भाजी पहाटे तिथल्या घाऊक बाजारात उतरते आणि शहरभर फिरून उरलीसुरली संध्याकाळी आमच्या नाक्यावर येते. स्वस्तात हिरवीगार हवी असेल तर रुळाकडेची. ती गटाराच्या पाण्यावर वाढलेली असते हे इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही ती घेतली जाते.

2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं. त्या धान्यावर इथली घरं तगून आहेत, मी त्याला कधीच कमी लेखणार नाही. पण त्यात हिरवं पान नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. त्याची कारणं अनेक आहेत. पण बाईला आहाराचं कळत नाही म्हणून असं होतं, हे कारण मला आता कुणी सांगू नये.

जागा कुठली घ्यायची? नाल्याच्या कडेला वाफे करू, असं काही मुलं म्हणत होती. मी नको म्हटलं. देवनारचं डम्पिंग 1927पासूनचं, आसपासच्या भरावात काय काय गाडलेलं असेल कुणी सांगावं. जमिनीत शिसं, कॅडमियम असेल तर पालेभाज्या ते पानांत ओढून घेतात. उरली गच्ची, आणि तिला कुलूप. स्लॅब गळेल ही सोसायटीच्या कमिटीची एक भीती, आणि पोरं वर जाऊन नशा करतील ही दुसरी. दोन्ही भीती खऱ्या होत्या. पावसाळ्यात सातव्या मजल्यावरची माणसं छताखाली पातेली मांडतात, आणि नशेपायी गेलेली मुलंही आम्ही पाहिली आहेत.

मुलांनी कमिटीसमोर दोन उदाहरणं ठेवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली होती. आणि वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी उसाच्या चिपाडांवर भाज्या घेत. माती कमी म्हणजे स्लॅबवर भारही कमी. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या पुढे भरते, चिपाड नि पाचोळ्याचं खत त्यापेक्षा पुष्कळ हलकं. अखेर कमिटी तयार झाली, पण अटी घातल्या. क्रेट विटांवर ठेवायचे, स्लॅबला लावायचे नाहीत. टाकीच्या पाण्याला हात लावायचा नाही. आणि किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे राहील, मुलांकडे नाही.

किल्ली आजींकडे गेली हे फार बरं झालं. आजी वर असतात म्हटल्यावर आयांनी मुलींनाही वर जाऊ दिलं. तोवर गच्ची फक्त मुलग्यांची होती, तीही चोरून. आमच्या मुलींना चार भिंतींबाहेर बसायला अख्ख्या वसाहतीत एक जागा नव्हती. भाजी उगवायच्या आधीच त्यांना आभाळ मिळालं. नुसतं एवढंच झालं असतं तरी मी हा खटाटोप पुन्हा केला असता.

चिपाडं रसवंतीवाल्याने फुकट दिली, त्याला ती टाकायलाच पैसे पडत होते. फळवाल्याचे जुने क्रेट आणले, आत गोणपाट घातलं. देवनारच्या बकरा मंडीत ओळख असलेल्या दोन मुलांनी पोत्यांनी लेंड्या आणल्या. आजी मूळच्या साताऱ्याकडच्या. लेंडीखत त्यांनी हातात घेऊन चुरडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "अजून मुरू दे बाळांनो, नाहीतर मुळं जळतील." पाणी घराघरांतून यायचं. तांदळाचं, डाळीचं, भाजीचं धुवण बादलीत साठवायचं आणि लिफ्ट बंद असली की जिन्याने वर न्यायचं. ती बहुतेक वेळा बंदच असते. रविवारी चेंबूरच्या कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे एनएसएसची, मुलं यायची, तीही बादल्या उचलायची.

पहिलं पीक समुद्रमेथीचं. मुंबईत ही इवल्या जुड्यांची मेथी पूर्वापार किनाऱ्याकडच्या वाळूत घेतात. आम्ही इमारतीच्या कामावरची वाळू चाळून, धुऊन घेतली. मेथीदाणा रात्रभर भिजवला आणि वाळूच्या बोटाच्या पेरभर उंचीच्या थरावर दाट पेरला. दाट म्हणजे दाण्याला दाणा लागून. वर ओलं गोणपाट टाकलं. तिसऱ्या दिवशी गोणपाट उचललं तर खालून पांढरे मोड पांघरूण ढकलत होते. दहा-बारा दिवसांत बोटभर उंच, दोन पानांची, पोपटी. ती मुळासकट उपटायची, वाळू झटकायची, सुतळीच्या धाग्याने मूठभर बांधायची. एका मुलाने जन्मात पहिल्यांदा काहीतरी उगवताना पाहिलं होतं. तो दिवसातून चारदा आजींकडे किल्ली मागायला जायचा.

मेथीमागून माठ, पालक, अंबाडी आली. मे महिन्यात हिरवी जाळी बांधूनही पालक करपला. पावसात माठ कुजला, पण अळू नि मायाळू असे माजले की शेजारच्या इमारतीतले लोक खिडकीतून विचारू लागले.

खरा वाद पेटला तो वाटपावरून. एनएसएसच्या एका मुलीने मनापासून सुचवलं की वांद्र्याला अशा बिनरसायनी भाजीला चांगला भाव येतो, ती तिथे विकावी आणि पैशांतून बाग वाढवावी. अर्ध्या मुलांना ते पटलं. पैसा कुणाला नको असतो? त्या रात्री अभ्यासिकेत खूप बोलाचाली झाली. डिलिव्हरीचं काम करणारा एक मुलगा कोपऱ्यात गप्प होता. शेवटी म्हणाला, "मैं रोज उधर का खाना पहुँचाता हूँ ना. ये एक चीज़ तो इधर रहने दो." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्यानंतर विकण्याचा विषय निघाला नाही.

नियम मुलांनीच केले. आधी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मग ज्या घरात टीबीचा रुग्ण आहे ती घरं, मग एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. उरेल ते नाक्यावरच्याच दराने वसाहतीत विकायचं. घेणाऱ्या कुणाचाही फोटो काढायचा नाही. ही अट मुलींची होती, आणि एका पाहुण्या संस्थेच्या माणसाला त्यांनी मोबाइल खिशात ठेवायला लावला तेव्हा मला त्यांचा अतोनात अभिमान वाटला. जुडी हातात देताना मुलं एवढंच सांगतात की वरून लिंबू पिळा, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं.

एका गच्चीने इमारतीचं पोट भरत नाही. आमची जुडी आठवड्यातून एकदा-दोनदा मोजक्या घरांत जाते, बस. रेशनमध्ये भाजी नाही तर निदान डाळ कायमची हवी. इमारतींचे नकाशे मंजूर करताना खालच्या मजल्यापर्यंत ऊन पोचतं का हे कुणीतरी पाहायला हवं, आणि गच्ची वापरायला मिळणं हा रहिवाशांचा हक्क मानायला हवा. हे काम आमच्या क्रेटांनी होणार नाही, ते सरकारचं आहे, आणि ते आम्ही मागत राहणार आहोत.

गेल्या महिन्यात समोरच्या इमारतीच्या कमिटीने आम्हाला बोलावलं. बोलणी करायला त्या बारावीतल्या मुलीला पाठवलं, ती आता नर्सिंगला आहे. सेक्रेटरींनी विचारलं, भाजी आमच्या इमारतीला किती? तिने वही उघडली आणि त्यांच्या इमारतीतल्या गरोदर बायकांची मजलेवार यादी त्यांच्यापुढे ठेवली. सेक्रेटरींना त्यातल्या दोघींविषयी माहीतही नव्हतं. तिने दोनच अटी घातल्या. किल्ली एखाद्या आजींकडे असावी, आणि मुलींना संध्याकाळी वर यायला बंदी नसावी. पहिली अट लगेच मान्य झाली. दुसरीवर येत्या रविवारी बैठक आहे, आणि आमच्या सगळ्या मुली तिथे जाणार आहेत.