पोटापलीकडची देखभाल

कूकाबराला मेलेला उंदीर दिला, तरी आपटून घेतल्याशिवाय तो खात नाही. फ्रीजरमधून काढून बर्फ उतरवलेला उंदीर मी फांदीवर ठेवते. पक्षी तो चोचीत घट्ट धरतो, मान झटकून डावीउजवीकडे फांदीवर आपटतो. बारीक कडकड ऐकू येते. मग चोचीतल्या चोचीत फिरवून डोक्याकडून अख्खा गिळतो.

मेलबर्नमध्ये पक्षी सांभाळताना मी या आपटण्याला फार मान द्यायला शिकले. कूकाबरा आपल्या खंड्याच्या कुळातला, पण त्याच्यापेक्षा कितीतरी थोराड. पूर्व ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या रानात तो फांदीवर निश्चल बसतो आणि खाली सरडा, किडा, साप हलला की झेपावतो. साप असला तर आपटून आपटूनच लुळा करतो. म्हणून पिंजऱ्यात एक जाड, आडवी, न हलणारी फांदी हवीच. बाकीच्या फांद्या कमीजास्त जाडीच्या, सालीसकट; एकाच गुळगुळीत दांड्यावर बसून राहिलेल्या पक्ष्याचे तळवे सुजतात, चिघळतात.

इथे लोक मायेने घरामागच्या अंगणात येणाऱ्या कूकाबरांना खिमा घालतात. खिम्यात हाड नाही, म्हणजे पुरेसं कॅल्शियम नाही. त्यावर वाढणाऱ्या पिल्लांची हाडं ठिसूळ होतात. अख्ख्या उंदरात हाड, केस, आतडी सगळं येतं. न पचलेलं पक्षी गोळी करून ओकून टाकतो. अशी गोळी मी चिमट्याने उकलते. आत राखाडी केस, हाडांच्या काड्या, किड्यांची चकाकती कवचं दिसली की पोटाचं काम नीट चाललंय हे कळतं.

बसल्याजागी मिळालं तर हा पक्षी पटकन लठ्ठ होतो. म्हणून मी खाणं रोज नव्या जागी ठेवते, पाचोळ्यात जिवंत किडे सोडते, आणि वजनकाट्यावर स्वतःहून उतरायची सवय लावते. हातात धरून वजन करण्याची दहशत त्यामुळे टळते.

पोट भरणं हा या कामातला सोपा भाग. पक्ष्याला त्याचं काम करू देणं अवघड. पिंजऱ्यात आम्ही घरट्यासाठी पेटी टांगू शकतो. रानात मात्र त्याला घरट्यासाठी झाडाची ढोली लागते, आणि निलगिरीला ढोली पडायला शंभराहून अधिक वर्षं लागतात. म्हणून कूकाबरासाठी काय करू, असं कुणी विचारलं की मी सांगते: खिमा देऊ नका, अंगणातलं ते जुनं झाड राखा.