उडत्या डुकरांचे नगर

परदेशी जाऊन आलेल्या मनुष्याने न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींविषयी अथवा नायगाऱ्याच्या धबधब्याविषयी लिहावे, असा एक शिरस्ता आहे. आम्हांस तो पाळता येत नाही, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आमची थोरली बहीण गेली कित्येक वर्षे अमेरिकेच्या ओहायो राज्यातील सिनसिनॅटी या नगरात राहते. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिच्याकडे गेलो, आणि रजा व खिसा या दोहोंची मर्यादा ध्यानी घेऊन तेथेच राहिलो. तिची तेरा वर्षांची कन्या आमची वाटाडी झाली. तिने पहिल्याच दिवशी बजावले की, उंच इमारती कोठेही असतात; आपण मामाला आपल्या गावच्या तऱ्हेवाईक गोष्टी दाखविणार. त्या पाहता पाहता आम्हांस आमच्याच अंगची एक खोड दिसून आली. तिचीच ही हकीकत आहे.

सिनसिनॅटी हे ओहायो नदीच्या उत्तर तीरावर वसलेले आहे. पलीकडच्या तीरावर केंटकी राज्य लागते, आणि तेथूनच लिकिंग नावाची लहानशी नदी ओहायोला येऊन मिळते. 1788 साली येथे वसाहत उभी राहू लागली तेव्हा तिचे नाव ठेवण्याचे काम जॉन फिल्सन या गृहस्थांकडे आले. हे गृहस्थ जमिनीची मोजणी करीत, पण मूळचे आमच्याच पेशातले, म्हणजे शाळामास्तर. त्यांनी लिकिंग नदीचे आद्याक्षर घेतले. त्यास मुखवाचक लॅटिन ‘ऑस’ जोडले, समोरचे या अर्थी ग्रीक ‘अँटी’ जोडले, आणि शेवटी गाव या अर्थाचे फ्रेंच ‘व्हिल’ लावून ‘लोसँटिव्हिल’ असे नाव सिद्ध केले. अर्थ एवढाच की, लिकिंगच्या मुखासमोरील गाव! 1790 साली गव्हर्नर सेंट क्लेअर आले आणि त्यांनी ही चार ठिकाणची खिचडी बाजूस सारून आजचे नाव दिले. भाची ही कथा सांगताना पोट धरून हसत होती. आम्हीही हसलो, परंतु भाषांची भेसळ करणाऱ्या त्या मास्तरांविषयी मनात उगाच कोठे तरी कणव वाटली. तिचे कारण पुढे येईल.

नदीवर एक जुना निळा झुलता पूल आहे. जॉन रोबलिंग या स्थापत्यविशारदाने तो बांधला. न्यूयॉर्कच्या विख्यात ब्रुकलिन पुलाचा आराखडाही याच गृहस्थाचा. 1867 च्या आरंभी हा पूल वाहतुकीस खुला झाला तेव्हा त्याचा 1057 फुटांचा मुख्य गाळा जगात सर्वांत लांब होता. त्याचा रस्ता पोलादी जाळीचा असल्यामुळे गाड्या जाऊ लागल्या की पूल गुणगुणू लागतो. त्यास तेथील लोक ‘गाणारा पूल’ म्हणतात.

पण गावाची खरी तऱ्हा नदीकाठच्या उद्यानाच्या प्रवेशद्वारी आहे. तेथे आगबोटीच्या धुरांड्यांसारखे चार उंच खांब उभे असून प्रत्येकाच्या माथ्यावर एक ब्राँझचे डुक्कर आहे, आणि प्रत्येक डुकरास पंख आहेत! आम्ही प्रथम पाहिले तेव्हा लहान मुलासारखे पाहतच राहिलो.

यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आसपासच्या शेतांतून हजारो डुकरे हाकीत या गावी आणीत आणि त्यांचे खारविलेले मांस नदीमार्गे दूरदूर धाडीत. या व्यापारात सिनसिनॅटीची बरोबरी करणारे दुसरे नगर त्या काळी अमेरिकेत नव्हते. उरलेल्या चरबीपासून साबण व मेणबत्त्या होऊ लागल्या. एक मेणबत्तीवाला व एक साबणवाला एकाच घरचे जावई होते. त्यांनी 1837 साली भागी केली, आणि तीच पुढे प्रॉक्टर अँड गँबल ही जगद्विख्यात कंपनी झाली. परंतु ज्या गावच्या रस्त्यांतून डुकरे फिरतात त्या गावास लोक काय म्हणणार? त्यांनी त्याचे नाव ‘पोर्कोपोलिस’, म्हणजे डुक्करनगरी, असे पाडले. पुढे हा व्यापार शिकागोने पळविला. नाव मात्र येथेच राहिले.

1988 साली नगराच्या स्थापनेस दोनशे वर्षे झाली. उद्यानाच्या द्वाराची रचना अँड्र्यू लेस्टर या शिल्पकाराकडे सोपविली होती. त्याने आपल्या शिल्पात डुकरे योजली तेव्हा गावात वादळ उठले. इतक्या वर्षांनी ती जुनी टवाळी वेशीवर कशाला टांगावयाची, असे पुष्कळांस वाटले. उलट पक्षाचे म्हणणे असे की, ज्या प्राण्याने गावास अन्न दिले त्याची लाज कसली? अखेर डुकरांचा जय झाला. आज तेथे दरवर्षी मॅरेथॉनची शर्यत होते. 1999 साली सुरू झालेल्या त्या शर्यतीचे नावच ‘उडते डुक्कर’ असे आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ जे नाव बोचत होते, ते गावाने स्वतःच उच्चारले, आणि त्यातील विष नाहीसे झाले.

तेथून भाचीने आम्हांस एका रुंद हमरस्त्यावर नेले आणि पाय आपटून पाहण्यास सांगितले. त्या रस्त्याखाली भुयारी रेल्वेचे बोगदे आहेत. दोन मैलांहून लांब. स्थानके आहेत, फलाट आहेत. नाही ती फक्त रेल्वे! पूर्वी तेथे कालवा होता. तो निरुपयोगी झाल्यावर त्याच्या पात्रात भुयारी मार्ग करावा असे ठरले, आणि 1916 साली नागरिकांनी साठ लक्ष डॉलरांच्या रोख्यांना मतदानाने संमती दिली. मध्यंतरी महायुद्ध आले, महागाई भडकली. 1920 साली काम सुरू झाले, आणि पाचएक वर्षांत पैसा संपला. पुढे वर रस्ता झाला, तो आजही वाहतो. कर्ज मात्र फिटले 1966 साली. ज्या गाडीत कोणी कधी बसले नाही, तिचे भाडे दोन पिढ्यांनी भरले असे म्हणावयास हरकत नाही. आज त्या बोगद्यांतून पाण्याचा मोठा नळ व तारा नेलेल्या आहेत. लोक हे अपयश लपवीत नाहीत. पाहुण्यांस हौसेने सांगतात.

त्या गावी भिंतीभिंतींवर चपळ सरडुल्या दिसतात. त्याही मूळच्या तेथल्या नव्हेत. 1950 च्या सुमारास एका श्रीमंत घराण्यातील मुलगा इटलीच्या गार्डा सरोवरावर सुटीस गेला असता त्याने दहाएक सरडुल्या लपवून आणल्या आणि घरामागे सोडल्या. आज त्यांची गणना करणे अशक्य आहे. त्यांना त्या घराण्याच्याच नावाने ओळखतात. विद्यार्थ्यांनी मात्र हा कित्ता गिरवू नये. परक्या प्राण्यांचा उपद्रव किती होतो हे शास्त्राच्या शिक्षकांस विचारावे.

एके दुपारी भाचीने आम्हांस ‘चिली’ खावयास नेले. 1922 साली मॅसेडोनियातून आलेल्या दोघा भावांनी हा पदार्थ तेथे रूढ केला. शेवयांसारख्या लांब स्पॅगेटीवर खिम्याचा पातळ रस्सा, आणि त्यावर किसलेल्या चीजचा डोंगर! नावावरून आम्ही मिरचीच्या भयाने पाण्याचा पेला जवळ ओढला; पण रस्शास वास आला तो दालचिनीचा. आम्ही मासळी खाणारे, तेवढा खिमा आम्ही वगळावयास सांगणार, इतक्यात भाचीने भरल्या खाणावळीत खणखणीत आवाजात विचारले, “मामा, तुका कितें जाय?”

आम्ही दचकून चोहोंकडे पाहिले. कोणी हसले तर नाही ना? कोणी हसले नव्हते. तेथे कोणास कोंकणी कळत नव्हती, आणि कळती तरी कोणी हसते ना. मग आम्ही का दचकलो?

याचे उत्तर पंधरा वर्षांपूर्वीच्या वसतिगृहात आहे. आम्ही गोव्याहून महाराष्ट्रात कलाशाखेच्या शिक्षणास गेलो तेव्हा कोणी हाक मारली की तोंडातून ‘कितें?’ निघून जाई. झाले! आठवड्यात आमचे नाव ‘कितेंराव’ पडले. आम्ही त्यावर हसलो नाही की भांडलो नाही. आम्ही मुकाट्याने कोंकणी गिळली. पुस्तकातली मराठी इतकी घोटली की पदवी परीक्षेत मराठीत चांगले गुण मिळाले. त्या गावाने आपली टवाळी खांबावर चढविली. आम्ही आमची पेटीच्या तळाशी पुरली.

एवढ्यावर भागते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु मुक्कामाच्या अखेरच्या दिवशी आम्ही तेथील प्राणिसंग्रहालय पाहिले. तेथे पॅगोड्याच्या घाटाचे छप्पर असलेली एक छोटी वास्तू जतन केली आहे. उत्तर अमेरिकेत पूर्वी ‘प्रवासी कबूतर’ नावाचे पक्षी अब्जावधींनी होते. 1813 साली पक्षितज्ज्ञ ऑड्युबॉन ओहायोच्या काठाने जात असता त्यांच्या थव्यांनी भर दुपारी सूर्य झाकला, आणि ते थवे तीन दिवस जातच राहिले. माणसांनी ते मांसासाठी मारले, त्यांची राने तोडली. त्या जातीची शेवटची मादी, मार्था, 1 सप्टेंबर 1914 रोजी या प्राणिसंग्रहालयात मेली. तिचा देह बर्फाच्या लादीत घालून वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे पाठविण्यात आला. कॅरोलायना पोपटांपैकी बंदिवासातील अखेरचा, इंकास, 1918 साली येथेच गेला. इतके दिवस हसत बागडणारी आमची भाची तेथे गप्प उभी राहिली. त्या वास्तूवर कोणी पंखांचे डुक्कर बसविले नव्हते. ज्या गावास आपल्यावर हसता येते त्यास कोठे हसू नये हेही कळते, असे आम्हांस वाटले.

आणि तेथे आम्हांस एक विद्यार्थिनी आठवली.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात आम्ही ‘पावसानंतरची सकाळ’ या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. एका मुलीने लिहिले, ‘पाऊस थांबला आणि मळब निळे झाले.’ कोंकणीत ‘मळब’ म्हणजे आकाश. मराठीत ‘मळभ’ म्हणजे ढगांनी आलेला अंधार. आम्ही ते वाक्य मोठ्याने वाचले आणि म्हणालो, “निळे मळभ? मग काजळ पांढरे असेल!” वर्ग खो खो हसला. तिला काय म्हणावयाचे होते, हे त्या वर्गात आमच्याइतके पक्के कोणास ठाऊक असणार? तरी आम्ही हसविले. वसतिगृहात जे आमच्या वाट्यास आले, ते आम्ही तिला दिले, आणि त्यास भाषाशुद्धी हे नाव दिले. त्यानंतर तिचे निबंध निर्दोष होऊ लागले. ते मार्गदर्शक पुस्तकातून उतरलेले असत. आम्ही त्यांस चांगले गुण देत असू. निबंध वाचून दाखविण्यासाठी मात्र तिने पुन्हा हात वर केला नाही. ती शाळा सोडून गेली. आमच्याकडून तिची क्षमा मागावयाची राहून गेली.

सुटी संपल्यावर आम्ही पहिल्या तासास फळ्यावर ‘मळब’ व ‘मळभ’ असे दोन शब्द लिहिले आणि दोहोंचे अर्थ समजावून दिले. परीक्षेत कोणता शब्द कोठे लिहावयाचा हेही सांगितले; कारण शुद्ध मराठी शिकविणे हे आमचे कर्तव्य आहे, आणि ते आम्ही सोडलेले नाही. चूक दाखविण्यासाठी मूल दुखवावे लागत नाही, एवढेच आम्ही उशिरा शिकलो. मग वर्गास आमचे वसतिगृहातले नाव सांगितले. मुले आधी बिचकली, नंतर मनमुराद हसली. आम्हीही हसलो.

विद्यार्थी मित्रहो, आता मधल्या सुटीत व्हरांड्यातून ‘कितेंराव’ अशी कुजबूज कानी येते. आम्ही रागावत नाही. हे नाव आमचे आम्ही घेतले आहे. वर्गातल्या दुसऱ्या कोणास मात्र, त्याने स्वतः घेतल्याशिवाय, असे नाव देऊ नका. आणि ती मुलगी, आज ती जेथे असेल तेथे, हा अंक कोणी तिला दाखविला तर तिने एवढे वाचावे: तुझे वाक्य बरोबर होते. पाऊस थांबला होता, आणि मळब निळे झाले होते.